शाळेत दारूवर कार्यक्रम घ्यायचाय, भाषण आणि शपथ सोडून काय करता येईल?

फळा_खडू (सोलापूर)

नमस्कार मंडळी. मी सोलापुरात एका अनुदानित शाळेत आठवी ते दहावीला विज्ञान शिकवते. शाळेचं नाव लिहीत नाही, लेकरांचा प्रश्न आहे.

परवा नववीनं दहावीला निरोप दिला. पोरांनी वर्गणी काढून केक आणला, फळ्यावर रंगीत खडूनं नावं लिहिली, पोरी रडल्या, सगळं नेहमीसारखं. जेवणाच्या वेळी शिपाई मला बोलवायला आला, बाई जरा सायकल स्टँडच्या मागं या म्हणाला. तिथं चार पोरं, दोन दहावीची दोन नववीची, कोल्ड्रिंकच्या मोठ्या बाटलीत मिसळून आणलेली. तिघं नुसती हसत होती. चौथा नववीतला, भिंतीला टेकून बसलेला, मान छातीवर, शर्टाच्या खिशावर ओकारी, आणि त्याच खिशात आम्ही सकाळी वाटलेलं नवं पेन. मी हाका मारल्या, गालावर पाणी मारलं, डोळे उघडेना. रिक्षात घालून दवाखान्यात नेलं, सलाईन लावली, संध्याकाळी बोलायला लागला. त्याची आई विड्या वळते, भिजवलेली पानं सुपात तशीच टाकून पळत आली आणि दवाखान्याच्या जिन्यात माझेच पाय धरायला लागली, बाई माझ्या पोराला शाळेतनं काढू नका म्हणून. मला रात्रभर झोप नाही आली.

आता संस्थेचं म्हणणं, नववीच्या दोघांना दाखला देऊन मोकळं व्हा, आणि पुढच्या महिन्यात व्यसनमुक्ती सप्ताह घ्या म्हणजे प्रभातफेरी, घोषवाक्यं, एक व्याख्यान, शेवटी शपथ. १४ वर्षं मी हेच बघतेय. त्या चौघांपैकी दोघं तर मागच्या वेळी शपथेला पहिल्या रांगेत हात पुढं करून उभे होते.

मला खरंच विचारायचंय, शाळेत असं काय घेतलं तर पोरं पहिला घोट लांबणीवर टाकतील? आणि ज्यांनी घेतलाय ती असं बेशुद्ध पडेपर्यंत जाणार नाहीत? पालकांपर्यंत कसं पोचायचं, निम्म्या आयांना तेलुगूच नीट कळतं आणि वडील लूमवर नाहीतर एमआयडीसीत पाळीला. कुणी केलं असेल तर सांगा, पुस्तकातलं नको.

जुळेसोलापूरकर

मॅडम वाचून पोटात गोळा आला, माझा पोरगा पण नववीतच आहे. पण मला एक कळत नाही, सगळं शाळेवरच का ढकलायचं? आधी त्या पोरांना विचारा बाटली कुणी दिली. महाराष्ट्रात बिअरला २१ आणि कडक दारूला २५ वय लागतं, परवाना लागतो तो वेगळाच. आणि १८ च्या आतल्या पोराला दारू देणं हा बाल न्याय कायदा २०१५ च्या कलम ७७ खाली गुन्हा आहे, ७ वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि १ लाखापर्यंत दंड. म्हणजे पोरगा गुन्हेगार नाही, देणारा आहे, हे संस्थेला पहिलं सांगा. पोराच्याच हातात दाखला ठेवायचा आणि विकणारा गल्ल्यावर निवांत बसलेला, हे मला पटत नाही.

आपल्या जिल्ह्यात मुळेगाव तांड्याचं उदाहरण आहे की. हातभट्टीवर कित्येक वर्षं नुसत्या धाडी पडायच्या आणि चार दिवसांनी भट्टी परत पेटायची, मग २०२१ मध्ये ग्रामीण पोलिसांनी तेजस्वी सातपुते एसपी असताना ऑपरेशन परिवर्तन घेतलं, त्या घरांना दुसरा धंदा, शिलाईची कामं, पोरांचं शिक्षण असं सगळं बघायला सुरुवात केली. माझा मुद्दा एवढाच, माल जिथनं येतो तिथं काम केलं तर फरक पडतो. शाळेनं पत्र लिहावं पोलीस स्टेशनला आणि उत्पादन शुल्कला, पालक म्हणून मी सही करायला तयार आहे.

समुपदेशक_विजापूररोड

मॅडम, आधी एक सांगतो, तुम्ही त्याला उचलून दवाखान्यात नेलं ते फार मोठं केलंत. बऱ्याच ठिकाणी बदनामीच्या भीतीनं पोराला वर्गात झोपवून ठेवतात. मी व्यसनमुक्तीच्या कामात अकरा वर्षं आहे, पोरं माझ्यापर्यंत येतात तेव्हा विशीत असतात आणि प्रत्येकाला विचारलं की सुरुवात कधी, उत्तर नववी नाहीतर दहावी.

तुमची शंका बरोबर आहे. नुसती माहिती देणं, घाबरवणं, सडलेल्या लिव्हरचे फोटो, किंवा एखाद्या सुधारलेल्या माणसाला आणून त्याची कहाणी ऐकवणं, हे एकटं एकटं करून पोरांच्या पिण्यात फरक पडत नाही. संयुक्त राष्ट्रांच्या अमली पदार्थ कार्यालयाचे प्रतिबंधाचे निकष आहेत, २०१३ ला पहिले आले, २०१८ ला जागतिक आरोग्य संघटनेसोबत सुधारून काढले, त्यात हे स्पष्ट आहे. अमेरिकेत १९८३ ला लॉस एंजेलिसमध्ये डेअर नावाचा कार्यक्रम निघाला, वर्दीतला पोलीस वर्गात येऊन शिकवायचा, देशभर पसरला, आणि वर्षानुवर्षं अभ्यास झाले तर तास झालेली पोरं आणि न झालेली पोरं पिण्याच्या बाबतीत जवळजवळ सारखीच. शेवटी २००९ मध्ये त्यांना अभ्यासक्रमच बदलावा लागला.

आणि चांगला कार्यक्रम नुसता उचलून आणला तरी फसतो. युरोपात अनप्लग्ड म्हणून १२ तासांचा कार्यक्रम आहे, १२ ते १४ वर्षांच्या मुलांसाठी, वर्गशिक्षकच घेतात, तिकडं बरे निकाल आले. ब्राझीलनं तो आपल्या शाळांत नेला आणि मोजून बघितलं तर उलटंच, कार्यक्रम झालेल्या शाळांत पहिल्यांदा दारू चाखणारी पोरं जास्त निघाली. त्यांनी ते लपवलं नाही, दुरुस्त करायला घेतलं. म्हणून म्हणतो, जे कराल ते छोटं करा आणि आधी-नंतर निनावी चिठ्ठ्या घेऊन बघा.

आता काय चालतं. भाषण नाही तर सराव. पोराला नाही म्हणायचं माहीत असतं, तोंडातनं निघत नाही. तेव्हा तासाला बाकं मागं सरकवा, दोघांना उभं करा, एक आग्रह करणारा एक नकार देणारा, आणि वाक्यं तुमची नकोत, त्यांचीच येऊ द्यात. मी एका शाळेत घेतलं तेव्हा पहिला पोरगा म्हणाला, "दारू आरोग्यास हानिकारक आहे मित्रा." सगळा वर्ग हसला, तो लाल झाला. मी म्हणलं आता खरं बोल, होम मैदानावर गड्ड्याच्या जत्रेत रात्री नऊला तुझा जिगरी ग्लास पुढं करायलाय, काय म्हणशील? जरा थांबून म्हणाला, "नको बे, पप्पा तोंडाचा वास घेतेत." कुणीच हसलं नाही, कारण ते खरं होतं. पुढच्या अर्ध्या तासात पोरांनी अशी वीसेक वाक्यं काढली, ती फळ्यावर लिहिली, आणि मग प्रत्येकानं आपल्याला शोभेल ते एक उचलून तीन वेळा बोलून दाखवलं. तीन वेळा, कारण पहिल्यांदा लाजतात, दुसऱ्यांदा आठवतात, तिसऱ्यांदा मान वर करून बोलतात.

दुसरं, पोरांच्या डोक्यात असतं की सगळेच पितात. एम्सनं केंद्र सरकारसाठी केलेली देशभराची पाहणी २०१९ ला आली, त्यात १० ते १७ वयात दारू घेणारे १.३ टक्के. म्हणजे ६० च्या वर्गात सरासरीनं एक. पोरांना विचारा तर ती म्हणतात निम्मा वर्ग. ही गैरसमजूत उतरवली तरी बराच दाब कमी होतो. फक्त एक जपा, तुमच्या वर्गाच्या निनावी चिठ्ठ्यांत आकडा मोठा आला तर तो वर्गात वाचून दाखवू नका, नाहीतर न पिणारा पोरगा स्वतःला एकटा समजेल.

तिसरं, पहिला घोट लांबवण्याला खरंच किंमत आहे. अमेरिकेतल्या एका मोठ्या पाहणीचे निष्कर्ष १९९७ ला छापून आले, १५ च्या आत सुरुवात केलेल्यांपैकी सुमारे ४० टक्के पुढं कधीतरी दारूच्या आहारी गेलेले, आणि विशीत सुरुवात केलेल्यांत सुमारे १० टक्के. पालकांना हा आकडा सांगा. ते म्हणतात एकदा प्याला म्हणून काय झालं, त्यांना हे माहीत नसतं.

पाळीवाला_२४

बाई मी तुमच्याच सारख्या शाळेतनं दहावी झालो, आता टॉवेलच्या लूमवर आहे. मोठ्या लोकांनी लिहिलंय ते बरोबरच हाय पण मी पोराच्या बाजूनं सांगतो.

मी पहिल्यांदा पिलतो तेव्हा पंधराचा होतो, गणपतीच्या विसर्जनाला. मंडळाचे मोठे पोरं ट्रॅक्टरच्या मागं बसलते, एकानं प्लास्टिकचा ग्लास दिला अन् म्हणला घे की बे लेझीम काय सुक्यानं खेळतो का. मला नको होतं, खरं सांगतो, वासानंच मळमळायलतं. पण नाही म्हणायला माझ्याकडं एक वाक्य नव्हतं. शाळेत मला हे पाठ करून दिलतं की दारूनं संसार उद्ध्वस्त होतो, आता ट्रॅक्टरच्या मागं उभारून मी हे म्हणणार का कुणाला?

अन् खरी गोष्ट पुढची. माझ्याबरोबरचा एक पोरगा, त्यानं पैज लावून क्वार्टर एका दमात रिकामी केली. अर्ध्या तासात पडला. आम्ही काय केलं माहितीय का, त्याला मंडपाच्या मागं सतरंजीवर उताणा झोपवला, तोंडावर रुमाल टाकला माशा बसू नये म्हणून, अन् परत नाचायला गेलो. घरी सांगितलं तर मार, सरांना सांगितलं तर दाखला, म्हणून कुणालाच सांगितलं नाही. रात्री दोनला बघायला गेलो तर तोंड सगळं भरलेलं अन् घशातनं घरघर आवाज. तिथल्या एका चहावाल्या मामानं त्याला कुशीवर वळवला अन् तोंडात बोट घालून साफ केलं म्हणून वाचला. मामा मला एकच म्हणला, अजून दहा मिनटं असती तर. तो आवाज अजून कधीकधी मला लूमच्या आवाजात ऐकू येतो.

आम्हाला कुणी शाळेत सांगितलं असतं की पडलेल्याला उताणा झोपवायचा नाही, अन् सांगणाऱ्याला शिक्षा नाही, तर मी पळत गेलो असतो. बाई तुम्ही हे दोन तरी शिकवाच.

समुपदेशक_विजापूररोड

पाळीवाला दादा, हे लिहिलंत ते फार बरं केलंत. मॅडम, यांचं म्हणणं माझ्या सगळ्या मुद्द्यांच्या वर ठेवा.

पडलेल्या पोराचं सांगतो. हाक मारून, चिमटा काढून उठत नसेल, श्वास मधेच थांबत असेल किंवा फार संथ असेल, अंग गार पडलं असेल, ओठ-नखं निळसर दिसत असतील तर झोप उतरायची वाट बघायची नाही, १०८. तोवर कुशीवर, वरचा गुडघा पुढं वाकवून, तोंड जरा खाली, आणि एकटं सोडायचं नाही. लिंबू, ताक, कॉफी, थंड पाण्याची आंघोळ, बोट घालून उलटी काढणं, यानं दारू उतरत नाही. मामांनी तोंडात आलेलं साफ केलं ते वेगळं. लिव्हर आपल्या गतीनंच काम करतं, साधारण तासाला एक माप, म्हणजे १० ग्रॅमच्या आसपास अल्कोहोल. आणि पोटातली दारू बेशुद्ध पडल्यावरही रक्तात चढतच राहते, म्हणून झोपलेला पोरगा सुरक्षित आहे असं समजूच नये.

क्वार्टरचं गणित बघा. १८० मिली, ४२.८ टक्के, म्हणजे शुद्ध अल्कोहोल जवळजवळ ६० ग्रॅम. जागतिक आरोग्य संघटना एका बैठकीत ६० ग्रॅम किंवा जास्त झालं की त्याला अतिप्यायलेलं धरते, आणि तेही मोठ्या माणसाला. आपल्याकडं अख्खी क्वार्टर म्हणजे काहीच नाही असं समजतात, आणि ४५ किलोच्या पोरानं ती एका दमात मारलेली. तुमच्या लॅबमध्ये मोजपात्र असेल, त्यात १८० मिली पाणी घेऊन पालकसभेत आणि शिक्षकांना दाखवा. आठवी-नववीच्या वर्गात मात्र नको, ज्यानं क्वार्टर हा शब्द ऐकलेला नाही त्याला मापं शिकवायला जाऊ नये. अकरावी-बारावीला चालेल.

निवृत्त_मास्तर

बाई, मी सोलापूरच्या पूर्व भागात २९ वर्षं शिकवलं. थोडं पालकांबद्दल लिहितो, कारण तिथं आपण सगळे चुकतो.

आम्ही पालकसभा शनिवारी सकाळी अकराला ठेवायचो आणि कुणी आलं नाही की म्हणायचो पालकांना काळजीच नाही. मग एका वर्षी मी नुसतं विचारलं, तर कळलं की त्या वेळेला बायका विड्या जमा करायला कारखान्यात रांगेत असतात, आणि गेल्या नाहीत तर दिवसाची मजुरी जाते. सभा शाळेतनं उचलली आणि संध्याकाळी सातला गल्लीतल्या मारुतीच्या पारावर नेली. आया मांडीवर सूप घेऊनच बसल्या, हात चालू, कान इकडं. बोलायला मी नव्हतो, आमच्याच शाळेची एक माजी विद्यार्थिनी होती, ती तेलुगूत बोलली. पहिल्या सभेला ६-७ जणी, चौथ्या सभेला बसायला जागा नाही.

तिथं ठरलेल्या गोष्टी साध्या होत्या. कुणाच्याही घरी वाढदिवस असला तर पोरं रात्री दहानंतर बाहेर नाहीत, आणि गच्चीवर एक तरी मोठं माणूस. कुणाचाही पोरगा कोपऱ्यावर दिसला तर कुणीही आई हाक मारणार आणि त्याचा राग धरायचा नाही. बापानं पोराला बाटली आणायला पाठवायचं नाही. या शेवटच्या गोष्टीवर सभेत एकदम शांतता झाली, मग एक बाई हळूच म्हणाली, सर, आमच्यात सगळ्यांचीच पोरं आणतात. त्या दिवशी मला कळलं की आपण वर्गात काय सांगतो आणि पोराच्या हातात घरी काय असतं.

पुढं कुठंतरी आइसलँडचं वाचलं तेव्हा हे आठवलं. तिथं १९९८ ला १५-१६ वर्षांच्या पोरांपैकी ४२ टक्के म्हणायची की मागच्या महिन्यात दारू पिऊन झिंगलो होतो, २०१६ पर्यंत ते ५ टक्क्यांवर आलं. त्यांनी पालकांचे करार केले, रात्री पोरांना बाहेर फिरायला वेळेची मर्यादा घातली, आणि संध्याकाळी खेळ, संगीत यासाठी प्रत्येक पोरामागं पैसे दिले. श्रीमंत, छोटा देश आहे, आपलं तसं नाही हे मला कळतं. पण संध्याकाळी सहा ते नऊ शाळेचं मैदान उघडं ठेवायला कितीसा खर्च येतो? आम्ही खो-खोचा संघ तेवढ्यासाठीच काढला होता. गेटची किल्ली मात्र मला भांडून घ्यावी लागली.

दाखल्याचं म्हणाल तर हात जोडून सांगतो, देऊ नका. दाखला मिळालेला पोरगा दुसऱ्या दिवशी कुठं जातो ते मी बघितलंय. शाळा सुटली की दिवसभर त्याला सांभाळायला फक्त तोच कोपरा उरतो.

जुळेसोलापूरकर

सर, बाटली आणायला पाठवण्याचं वाचून थांबलो. मी स्वतः पित नाही पण भाऊ पितो आणि कधीकधी माझ्या पोराला सोडा, बर्फ आणायला सांगतो. मी कधी काही बोललो नाही. आज बोलेन.

पत्राचं मी अजून म्हणतोच, ते सोडायचं नाही.

फळा_खडू

सगळ्यांचे मनापासून आभार. दोन-तीन वेळा वाचलं. पाळीवाला, तुझं वाचताना मी रडले, कारण आमचा पोरगा पण भिंतीवरनं घसरून उताणाच झाला असता.

काल मुख्याध्यापकांशी बोलले. दाखल्याचा विषय सध्या थांबवलाय, मी कलम ७७ चं लिहूनच नेलं होतं त्याचा उपयोग झाला. पोलिसांना पत्र जाणार आहे. दोघांना आठवड्यातनं एकदा माझ्यापाशी बसायचं आणि एका जाणकाराला भेटायचं, एवढं ठरलंय. सिव्हिलच्या मानसोपचार ओपीडीत विचारून येणार आहे, आणि १४४४६ ची व्यसनमुक्ती हेल्पलाईन, १४४१६ टेली मानस आणि १०९८ हे तिन्ही नंबर सायकल स्टँडच्या भिंतीवर रंगवून घेणार आहे, ऑफिसच्या बोर्डावर नाही, तिथं पोरं जातच नाहीत.

सप्ताह रद्द होणार नाही पण शपथेच्या जागी मला नववीचे सहा तास मिळालेत, आठवड्याला एक. शाळा आरोग्य कार्यक्रमात प्रत्येक शाळेतनं दोन शिक्षक हेल्थ ॲम्बॅसिडर असतात आणि ११ विषयांत व्यसनांचाही विषय आहे, मी आमच्याकडं त्यातली एक आहेच, इतके दिवस ते रजिस्टर भरण्यापुरतं होतं. पहिला तास कुशीवर वळवण्याचा घेणार, एकमेकांवर करून. दुसरा नकाराच्या वाक्यांचा. आधी निनावी चिठ्ठ्या, सहा तासांनंतर परत चिठ्ठ्या.

आणि तो पोरगा काल शाळेत आला. कुणाशी बोलत नव्हता. तास संपल्यावर टेबलापाशी येऊन म्हणाला, "बाई, ते पेन दवाखान्यात राहिलं." मी त्याला दुसरं दिलं.

मास्तर, एक विचारायचं राहिलं, त्या तेलुगू बोलणाऱ्या ताई अजून येतील का? सभा बुधवारी सातला ठेवावी म्हणतेय, पण त्याच दिवशी आमच्याकडं संध्याकाळी बाजार असतो.

निवृत्त_मास्तर

बुधवार नको मग, बाजारात बायका अडकतात. गुरुवार धरा. तिला मी आज विचारतो, ती आता स्वतः दोन पोरांची आई आहे, येईल. पाराच्या बाजूला दिवा लागतो का ते आधी बघून घ्या, आमच्या वेळी दोन सभा कंदिलावर घेतल्या होत्या.